वाळव्याची बोली दिल्लीच्या सभागृहात

साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात आपल्यापैकी कितीतरी जणी कधी ना कधी गेल्या असतील. कुणी बाळंतपणाला, कुणी सासूबाईंना घेऊन. त्या दवाखान्याला नाव आहे क्रांतिसिंह नाना पाटील यांचं. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजलाही त्यांचंच नाव दिलंय. पण पाटीवरचं नाव रोज डोळ्यांखालून गेलं की त्यामागचा माणूस हळूहळू विसरला जातो. फार तर पत्री सरकार एवढा शब्द आठवतो आणि पाठोपाठ गुन्हेगाराच्या तळपायाला पत्रा ठोकल्याची गोष्ट. तेवढ्यावर नाना पाटील संपतात. खरं तर स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही या माणसानं एक काम केलं, आणि मला ते पत्र्याच्या गोष्टीपेक्षा मोठं वाटतं. दिल्लीला लोकसभेत उभं राहून ते आपल्या मराठीत बोलले. लोकसभेत मराठीतून भाषण करणारे पहिले खासदार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. साल १९५७.

यात एवढं काय मोठं, असं कुणी म्हणेल. आपल्या भाषेत बोलायला कसली मर्दुमकी? ते कळायला नानांचं सगळं आयुष्यच थोडं उलगडून पाहावं लागतं.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा, वाळवा तालुक्यातल्या बहे-बोरगावचा. गाव येडेमच्छिंद्र. मूळ आडनाव पिसाळ, पण घरात पाटीलकी, म्हणून लोक पाटीलच म्हणायचे. वाळवा तालुका आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा सगळा सातारा जिल्हाच होता. १९४९ साली जुन्या संस्थानांचा मुलूख जोडून दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे साताऱ्याचं प्रतिसरकार म्हटलं तरी त्यातली निम्मी-अर्धी गावं आजच्या सांगलीतली असतात. आमच्याकडे यावरून अजून प्रेमाची भांडणं होतात, नाना सांगलीचे की साताऱ्याचे!

देह पैलवानी, भरघोस मिशा, डोक्याला पटका. शिक्षण मराठी शाळेतलं. त्या शिक्षणावर ते तलाठी झाले. ही गोष्ट चरित्र सांगताना लोक एका ओळीत उरकतात, पण मला ती महत्त्वाची वाटते. तलाठ्याच्या दप्तरात काय ताकद असते हे खेड्यातल्या बाईला कुणी सांगायला नको. कुणाचं नाव लागलं, कुणाचं कमी झालं, एका ओळीनं घर तरतं नाहीतर बुडतं. सावकाराचा कागद, सरकारचा सारा, जप्तीची नोटीस हे सगळं नानांनी दप्तराच्या आतल्या बाजूनं पाहिलं. कागदावर काय लिहिलंय ते न कळता अंगठा उठवणारी माणसं पाहिली. गावपातळीवर कागद मराठीत तरी असायचा. प्रकरण वरच्या कोर्टात गेलं की तिथं इंग्रजी, आणि मग वकील सांगेल ते खरं. १९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हा नानांनी ती नोकरी सोडली. पुढच्या बारा वर्षांत तुरुंगाच्या आठ-नऊ वाऱ्या झाल्या.

नाना गाजले ते भाषणांनी. पण त्या भाषणांना व्यासपीठावरची पुस्तकी मराठी ठाऊक नव्हती. शेतकरी बांधावर बसून जसा बोलतो तशी ती भाषा. बैल, मोट, पेरणी, सासुरवास, बाजार यातलेच दाखले, मधेच खसखस पिकायची, मधेच बायका डोळ्यांना पदर लावायच्या. शिकलेल्या पुढाऱ्यांच्या सभेला बायका मागं बसायच्या, निम्मं कळायचं, निम्मं डोक्यावरून जायचं. नानांच्या सभेत तसं होत नसे, कारण बोलणं घरातलंच होतं. बोलीभाषेला गावंढळ म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. हा माणूस त्याच बोलीवर जिल्हा हलवत होता.

१९४२ चा ऑगस्ट आला. चले जावची हाक गेली आणि साताऱ्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, ९ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही गोळ्या झाडल्या गेल्या. यानंतर कार्यकर्ते भूमिगत झाले. नाना ४४ महिने पोलिसांच्या हाती लागले नाहीत. पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं होतं, तरी त्यांना कुणी पकडून दिलं नाही.

१९४३ पासून उभं राहिलं ते प्रतिसरकार. नाना त्याचा चेहरा आणि आवाज, पण काम अनेकांचं. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाईकडचे किसन वीर, पांडू मास्तर, अशी कितीतरी माणसं. दीडशेच्या वर गावांत इंग्रजांचं राज्य नावापुरतं उरलं. तुफान सेना होती, दारूबंदी होती, सावकार आणि दरोडेखोर यांचा बंदोबस्त होता. शेणोलीजवळ रेल्वेनं जाणारा सरकारी पगार १९४३ च्या जूनमध्ये लुटला गेला, धुळ्याकडे १९४४ साली खजिना लुटला गेला. या गोष्टी पोवाड्यात शोभतात आणि मुलांना आवडतातही. पण मला त्यातली न्यायमंडळं जास्त ओढतात.

गावोगाव न्यायमंडळं नेमली होती. जमिनीचा तंटा, कर्जाचा तंटा, नवऱ्यानं टाकलेली बायको, छेडछाड, सगळं गावातच समोरासमोर बसून चाले. वकील नाही, स्टँप नाही, तारखा नाहीत. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फिर्यादी ज्या भाषेत भांडतो त्याच भाषेत निवाडा. काय ठरलं ते बाईला तिथल्या तिथं कळायचं. उलट विचारायचं तर विचारता यायचं. शिक्षा कधीकधी फार कडक असत, पायाला पत्रे मारण्याची पद्धत आज कुणी योग्य म्हणणार नाही, आणि राज्यघटनेच्या देशात ती चालायचीही नाही. ती बाजू झाकून नानांचं कौतुक करायला मला आवडत नाही. पण कोर्टाची पायरी चढू नये म्हणणारी माणसं त्या न्यायमंडळापुढे आपण होऊन येत होती, हेही तितकंच खरं.

कुंडल तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हतं, औंध संस्थानात होतं. औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली आपल्या छोट्याशा राज्यात राज्यघटना लागू करून कारभार प्रजेच्या हाती दिला होता. गांधीजींचा त्याला सल्ला होता. तिथं ग्रामपंचायती स्वतःचा कारभार बघत. इंग्रजी पोलिसांना संस्थानाच्या हद्दीत मोकळं रान नसे, म्हणून भूमिगतांना या गावांचा फार आधार झाला. देशाला राज्यघटना मिळाली १९५० साली. आपल्याकडच्या काही खेड्यांनी त्याआधी अकरा वर्षं घटनेचा कारभार पाहिला होता, ही गोष्ट आपल्या मुलांच्या पुस्तकात ठळक असायला हवी असं मला फार वाटतं.

प्रतिसरकारनं आणखी एक गोष्ट बायकांच्या सोयीची केली. कमी खर्चाची लग्नं लावली. त्यांना गांधी विवाह म्हणत. हुंडा नाही, जेवणावळी नाहीत, वाजंत्री नाही. आपल्या भागात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीची वाट आधीच पडली होती. त्या पद्धतीत मंगलाष्टकं मराठीत असत. नवरी कशाला हो म्हणते आहे ते नवरीला कळावं, इतकी साधी गोष्ट. पण तेवढीसुद्धा कुणाला तरी सुरू करावीच लागली.

या सगळ्याची किंमत घरानं मोजली. नानांची पत्नी लवकर गेली होती, मुलगी हौसाबाई तेव्हा अगदी लहान. तिला वाढवलं आजीनं, नातेवाइकांनी. नाना भूमिगत झाले तसं इंग्रज सरकारनं घर आणि जमीन जप्त केली. गावात आसरा द्यायला लोक घाबरायचे. मामानं एक बैलगाडी दिली, तिच्या भाड्यावर घर चालायचं. गूळ, शेंगा, ज्वारी वाहायची. येडेमच्छिंद्राहून ताकारीला नेलं तर तीन रुपये, कऱ्हाडला नेलं तर पाच. क्रांतिसिंहाची लेक अशी जगत होती. नानांची आई वारली तेव्हा ते जीव धोक्यात घालून अंत्यविधीला आले आणि पुन्हा नाहीसे झाले.

हौसाबाई पुढे स्वतःच चळवळीत उतरल्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या मारामारीचं सोंग काढलं होतं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि साथीदारांनी आतली हत्यारं पळवली. त्या सोंगात मार मात्र खरा बसला. तुरुंगातल्या साथीदाराला सोडवायच्या कामगिरीवर त्या गोव्यालाही गेल्या. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी त्यांनी अंबाड्यात लपवून आत नेली. परत येताना मांडवी नदी लाकडी पेटीच्या आधारानं पार केली, पोहता येत नसताना. घरी लहान मूल होतं. हौसाबाई २०२१ साली, पंचाण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. त्यांच्यावर वेगळा लेखच लिहायला हवा.

१९४६ साली नाना उघडपणे लोकांसमोर आले. १९४७ ला स्वातंत्र्य मिळालं, १९५० ला राज्यघटना आली. घटनेच्या आठव्या परिशिष्टात तेव्हा १४ भाषा होत्या, त्यात मराठी होती. आज त्या २२ आहेत. पण मराठी माणसांचं एक राज्य मात्र नव्हतं. काँग्रेसनं १९२० सालीच आपल्या पक्षाचे प्रांत भाषेप्रमाणे पाडले होते आणि स्वराज्यात राज्यंही तशीच होतील अशी सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात स्वराज्य आल्यावर चालढकल सुरू झाली. आंध्रात पोट्टी श्रीरामुलू उपोषणात गेले तेव्हा १९५३ साली आंध्र राज्य झालं. मराठीच्या वाट्याला १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरातीबरोबरचं द्विभाषिक मुंबई राज्य आलं. बेळगाव, निपाणी, कारवार म्हैसूरकडे गेले, ती ठसठस अजून आहे.

नाना तोवर काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्षातून कम्युनिस्ट पक्षात आले होते. यावर आपल्याकडे अजून वाद होतात. त्यांचा पक्ष पटो न पटो, शेतकरी आणि मजूर यांच्या हातात स्वराज्य आलं नाही असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्या म्हणण्याला ते शेवटपर्यंत धरून राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी स्वतःला झोकून दिलं. १९५७ च्या निवडणुकीत समितीतर्फे साताऱ्यातून उभे राहिले आणि खासदार झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पंडित नेहरू शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला प्रतापगडावर आले तेव्हा समितीनं काळी निशाणं दाखवली, ते याच जिल्ह्यात.

आता लोकसभेकडे येऊ. घटनेचं १२० वं कलम सांगतं की संसदेचं काम हिंदीत किंवा इंग्रजीत चालेल. एखाद्या सदस्याला या दोन्ही भाषांत नीट व्यक्त होता येत नसेल, तर अध्यक्ष त्याला मातृभाषेत बोलायला परवानगी देऊ शकतात. म्हणजे दार बंद नाही, पण दारात उभं राहून आधी एक कबुली द्यायची, की मला तुमची भाषा नीट येत नाही. मैत्रिणींनो, ही कबुली देणं किती जड असतं हे आपल्याला विचारा. बचत गटाच्या कामात मी कितीदा पाहते, बैठकीत जोरानं बोलणारी बाई इंग्रजी फॉर्म समोर आला की एकदम गप्प होते. विचारलं तर अडाणी ठरू, म्हणून ती सही करून मोकळी होते. आमच्या भागातली एक बाई अशीच दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिली. तिला वाटलं होतं की आपण ओळखीच्या सह्या करतोय. वसुलीची नोटीस घरी आली तेव्हा कळलं.

नानांच्या वेळी समितीचे इतर खासदार काही कमी नव्हते. राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै, मुंबईचे कॉम्रेड डांगे यांचं इंग्रजी दिल्लीकर कान देऊन ऐकत. त्यांनी इंग्रजीत महाराष्ट्राची बाजू मांडली, ते बरोबरच होतं, समोरच्याला पटवायचं तर त्याच्या भाषेत बोलावं लागतं. नानांनी दुसरी वाट धरली. ते मराठीत बोलले. सभागृहातल्या बहुसंख्य सदस्यांना मराठी कळत नव्हती आणि कानाला लावायची भाषांतराची यंत्रं लोकसभेत आली १९६४ साली, तीसुद्धा आधी हिंदी आणि इंग्रजीपुरतीच. म्हणजे आपलं बोलणं इथं थोड्यांनाच थेट समजणार हे नानांना दिसत होतं. सभा जिंकणाऱ्या वक्त्यानं असं करणं म्हणजे स्वतःचं हत्यार स्वतःच बोथट करून घेणं. तरी त्यांनी ते केलं. साताऱ्याच्या शेतकऱ्यानं निवडून दिलेला माणूस साताऱ्याच्या शेतकऱ्यासारखाच बोलेल, आणि देशाच्या सभागृहाला ते ऐकून घ्यावं लागेल, एवढं त्यातून झालं. माझ्या मते हे प्रतिसरकारचंच पुढचं पाऊल होतं. गावच्या न्यायमंडळात जे फिर्यादीला मिळत होतं ते नानांनी दिल्लीत मागितलं.

त्या वर्षांत भाषेचा प्रश्न फक्त आपल्याकडे पेटलेला नव्हता. इंग्रज गेले त्या सगळ्या देशांत तो उभा होता. ढाक्याला २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगाली भाषेसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या. आज तो दिवस जगभर मातृभाषा दिन म्हणून पाळतात. श्रीलंकेत १९५६ साली एकट्या सिंहलीला राजभाषा केलं, तमिळ बोलणाऱ्यांना बाजूला सारलं, आणि त्या देशानं पुढे त्याची फार मोठी किंमत मोजली. आपल्या घटनेनं निदान सगळ्यांसाठी फट ठेवली होती. नानांनी त्या फटीत पाय घातला.

शंभराहून जास्त हुतात्म्यांनंतर १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. तेही याच मातीतले, देवराष्ट्र्याचे, आणि बेचाळीसच्या लढ्यातले. १९५७ ला मात्र ते आणि नाना आमनेसामनेच्या बाजूंना होते. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला आणि राज्याचा कारभार मराठीत आला. वरिष्ठ कोर्टाची भाषा घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे इंग्रजीच राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपल्याकडेही पेढे वाटले. मला त्याहून उपयोगाचं वाटतं ते ३५० वं कलम. आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क त्यात आहे. इंग्रजीत लिहून आणा असं कुणी म्हणालं तर या कलमाचा आकडा सांगावा. आम्ही सांगून पाहिलाय, अर्ज घेतात.

आणि एक गोष्ट जतकडच्या मैत्रिणींसाठी. आपल्या सांगली जिल्ह्यातच जत तालुक्यात कितीतरी घरांत कानडी बोलतात, त्यांच्या मुलांसाठी कानडी शाळा आहेत. मुलाला पहिलं शिक्षण मातृभाषेत मिळावं हे घटनेतलं कलम, ३५० अ, १९५६ सालचंच. बेळगावच्या मराठी शाळेसाठी आपला जीव तुटतो ना, मग जतच्या कानडी शाळेत गुरुजी नसले तरी तुटायला हवा.

नाना १९६७ साली पुन्हा लोकसभेत गेले, या वेळी बीडमधून. सातारच्या माणसाला मराठवाड्यानं निवडून दिलं. शेवटपर्यंत राहणी तीच, पटका, जाडंभरडं धोतर आणि पायी चालणं.

६ डिसेंबर १९७६ ला ते गेले. ज्यांनी ही घटना लिहिली त्या बाबासाहेबांना जाऊन त्या दिवशी बरोबर वीस वर्षं झाली होती. नानांचे अंत्यसंस्कार त्यांच्या इच्छेप्रमाणे वाळव्याला झाले.